रविवारी हरवणारी थोरली

माझी थोरली जाऊ दर रविवारी हरवायला जायची. थट्टा नाही करत. सकाळी डबा भरायची, पायात जाड बूट चढवायची, पाठीवर ‘स्वयंसेवक’ असं लिहिलेलं ते हिरवं जॅकेट घालायची आणि जिन्यातून हाळी द्यायची, “येते गं धाकटे, हरवून येते!” मग शहराच्या टोकाला जे राष्ट्रीय उद्यान आहे तिथं जाऊन ती खरोखर हरवायची. लोक सुट्टीच्या दिवशी झोपा काढतात, माहेरी जातात, केस रंगवतात. आमच्या घरची ही तऱ्हा.

तोंडावर मी तिला ताईच म्हणायची, अहोजाहो करायची. मनात मात्र ती माझी थोरलीच. आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. मधला जिना इतका अरुंद की दोघींनी एकदम दारं उघडली तर ती एकमेकांवर आपटतात. तिचा नवरा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांना सगळी इमारत दादा म्हणायची.

दादा सिटी बस चालवायचे आणि थोरली त्याच डेपोच्या कारखान्यात बसच्या सीटची कव्हरं शिवायची. जाड रेक्झिन, जाड सुई, दिवसभर एका स्टुलावर मान मोडून बसायचं. दोघांचं जमलं ते तिथंच. दादांच्या सीटचं कव्हर सारखं फाटायचं. शिवलं की आठवड्यात फाटलं, पुन्हा शिवलं की पुन्हा फाटलं. अहो, माणूस मुद्दाम ब्लेड मारून आणतोय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं! मी एकदा थोरलीला विचारलं, “ताई, तुम्हाला कळलं नव्हतं होय?” तर म्हणते, “पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर मी टाका कच्चा घालायला लागले.” आणि हे सांगताना म्हातारी चक्क लाजली.

दादा निवृत्त झाले आणि पुढं हळूहळू त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग किल्ल्या, मग जेवण झालंय की नाही ते. मग माणसं. माझ्या नवऱ्याला ते डेपो मॅनेजर समजायचे आणि रजा मागायचे. हा पण असला खट्याळ की म्हणायचा, “बघू, अर्ज द्या.” आम्ही हसायचो. हसणार नाही तर करणार काय? पण शेवटी दादा थोरलीला विसरले, तेव्हा कुणी हसलं नाही. ज्या माणसानं उभ्या जन्मात तिला ‘अगं’शिवाय हाक मारली नव्हती, तो तिला ‘अहो बाई’ म्हणायला लागला. “अहो बाई, जरा पाणी देता का? तुमचे फार उपकार.” मी असते तर भांडंच आपटलं असतं. थोरली पाणी द्यायची, रिकामा पेला घेऊन आत जायची आणि मोरीतला नळ जोरात सोडायची. आमच्या दोन्ही मोऱ्यांच्या मधे एकच भिंत. नळ उगाच वाहायला लागला की मला कळायचं.

डॉक्टर म्हणाले, या बाईला आठवड्यातून एक दिवस तरी घराबाहेर काढा, नाहीतर दोघांच्या खाटा शेजारी शेजारी लावाव्या लागतील. मी म्हटलं, ठरलं तर मग! रविवार माझा. दादा माझ्याकडे. तुम्ही ताई जिकडं जायचं तिकडं जा, पण दिवेलागणीपर्यंत मला तोंड दाखवू नका.

तर ही बया गेली उद्यानात. का, तर दादांच्या बसचा शेवटचा थांबा त्या उद्यानाच्या फाटकाशी होता आणि फाटकावर पाटी होती, स्वयंसेवक पाहिजेत. आधी तिला कचरा उचलायचं आणि माकडांना खाऊ घालणाऱ्यांना हटकायचं काम दिलं. हटकणं कुठलं जमतंय तिला! लोक माकडांना बिस्किटं घालायचे आणि ही त्यांना सांगायची, “बरं, एवढा पुडा संपवा, पण दुसरा फोडू नका हं.” तिला काढूनच टाकणार होते. पण तेवढ्यात त्यांना हरवायला माणूस हवा झाला.

त्या उद्यानात फिरायला येणारे लोक वाट चुकतात, दरीत घसरतात. त्यांना हुडकायला तिथं कुत्री ठेवलेली आहेत. त्या कुत्र्यांना सराव लागतो आणि सरावाला खरं माणूस लागतं. माणसानं झाडीत, खडकामागे, कुठंतरी लांब जाऊन लपायचं. हलायचं नाही, हाक मारायची नाही, मोबाइल काढायचा नाही. कुत्रं वासावरून शोधत येतं आणि भुंकतं. आणि सापडल्यावर त्या माणसानं काय करायचं माहितीय? आनंदानं वेडं व्हायचं! टाळ्या पिटायच्या, “सापडले रे सापडले, शाब्बास माझ्या राजा!” असं ओरडायचं, आणि जवळचं कापडाचं खेळणं पुढं करून त्याच्याशी ओढाओढी खेळायची. आपण फार मोठं काम केलं असं कुत्र्याला वाटलं पाहिजे. त्याला पगार तेवढाच.

बाकीचे स्वयंसेवक या कामात टिकायचे नाहीत. कुणाला मुंग्या चावायच्या, कुणाला भीती वाटायची, कुणी पंधरा मिनिटांत उठून “अजून नाही का आलं?” म्हणून बघायला यायचं. थोरली बसली की बसली. जन्मभर स्टुलावर बसून टाके घातलेली बाई ती. खेळणं सुद्धा तिनं स्वतः शिवलं होतं, सीटच्या उरलेल्या जाड कापडाची गुंडाळी करून. दादांच्या कव्हराला कच्चा टाका घालणाऱ्या बाईनं त्याला असा पक्का टाका घातला होता की कुत्र्याचे दात झिजतील पण शिवण उसवणार नाही.

कुत्र्याचं नाव ढब्बू. तपकिरी, एक कान उभा, एक पडका. त्याला सांभाळायची ती तिथली वनरक्षक बाई, अंगानं उंच, बोलायला तुसडी. माणसाशी बोलताना तोंडातून शब्द फुटायचा नाही, आणि ढब्बूशी मात्र तासन्‌तास गप्पा.

एकदा मी दादांसमोर बसून शेंगा सोलत होते. थोरली नुकतीच आली होती, गुडघ्यांना माती, केसांत वाळकी पानं. मी विचारलं, “ताई, इतका वेळ तिथं करता तरी काय हो?”

“काही नाही. वाट बघते.”

“कंटाळा नाही येत?”

ती बूट काढता काढता थांबली. “धाकटे, कुणीतरी मला शोधायला निघालंय एवढं ठाऊक असलं ना, की कंटाळा नाही येत गं. आणि ते येतं ना शेपूट हलवत, मी दिसले म्हणून त्याला एवढा आनंद होतो...” समोर दादा बसले होते आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारत होते, “या बाई कोण?”

मी शेंगा सोलत राहिले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एकदा ऐन कामाच्या दिवशी त्या वनरक्षक बाईचा थोरलीला फोन आला. म्हणे लगेच येता का. कड्यावरून पडलेला एक माणूस ढब्बूला सापडला होता, पण मेलेला. असं झालं की म्हणे कुत्रं खचतं. खात नाही, खेळत नाही, शोधाला निघायलाच तयार होत नाही. मग त्याला लगेच एखादं जिवंत माणूस सापडू द्यावं लागतं, म्हणजे त्याची उमेद परत येते. मी म्हटलं, “काय बाई कुत्र्याचे लाड! आपण इथं रोज खचतो, आपल्यासाठी कोण लपून बसतं?” थोरली हसली आणि बूट घालून गेली.

तर असं हे थोरलीचं हरवणं. इमारतीत, डेपोत, बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांत, सगळीकडे त्याची चेष्टा झाली होती. वाणी विचारायचा, “काय वहिनी, या रविवारी कुठं हरवलात?” दादांच्या जुन्या बसवर आता जो ड्रायव्हर होता तो दादांच्या हाताखाली शिकलेला. तो तिला फाटकाशी उतरवताना म्हणायचा, “सापडलात तर परतीच्या गाडीला या.” आणि दादा? दादांसमोर सगळे हेच बोलायचे. ते ऐकायचे, खिडकीबाहेर बघायचे. आम्हाला वाटायचं, त्यांच्या डोक्यात काही शिरत नाही.

थंडीचे दिवस होते. रविवार नव्हता. मी दुपारी बाजारात गेले होते. थोरली घरातच होती, धुणं वाळत घालायला मागच्या गॅलरीत निघाली होती. दादा खुर्चीतून उठून तिच्यासमोर आले. हे सगळं तिनंच मला नंतर सांगितलं, एकदाच, भिंतीकडे बघत. दादा म्हणाले, “अहो बाई, माझी बायको हरवलीय.”

असं ते नेहमीच काहीतरी म्हणायचे. गाडी सुटली, टोपी चोरीला गेली, आई बोलावतेय. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खोडून काढू नका, हो म्हणा. ती म्हणाली, “सापडेल हो. बसा तुम्ही.”

“थंडी किती पडलीय. तिच्या अंगावर काही नाही.”

“सापडेल,” थोरली म्हणाली आणि पिळे घेऊन गॅलरीत गेली. चादरी होत्या, वेळ लागला. परत आली तर खुर्ची रिकामी आणि दार उघडं.

मी पिशव्या घेऊन जिना चढत होते तेव्हा ती वरून धावत खाली येत होती, अनवाणी. आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. वाण्याकडे, न्हाव्याकडे, डेपोत. माझा नवरा कामावरून पळत आला. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तो ड्रायव्हर बस लावून डेपोत आला आणि आम्हाला बघून त्याचा चेहराच उतरला.

“दादा? दादा तर माझ्या गाडीत होते! पुढच्याच सीटवर बसले होते, प्रत्येक थांबा बरोबर सांगत होते. मी विचारलं कुठं निघालात, तर म्हणाले, बायको हरवलीय, शोधायला चाललोय. मला वाटलं...” तो माझ्या नवऱ्याकडे वळला. “मला वाटलं काकू उद्यानात आहेत, दादा चेष्टा करतायत. मीच म्हटलं, जा जा, तिकडंच असेल, ती तर नेहमीच हरवते.”

फाटकावरच्या रखवालदाराचीही तीच कथा. म्हातारा आला, म्हणाला माझी बायको आत हरवलीय. रखवालदार हसला, म्हणाला मागच्या टेकाडाकडे बघा, तिकडंच लपतात त्या. आज कोणता वार आहे, सराव आहे की नाही, काही काही त्याच्या मनात आलं नाही. हाताचा पंजा करून त्यानं वाट दाखवली. आता रागवायचं तरी कुणावर? मी मात्र रागावले. त्या रखवालदाराला मी फाटकात उभं राहून असं काही बोलले की माझ्या नवऱ्यानं मला दंडाला धरून बाजूला नेलं. थोरलीच्या तोंडात एकच, “मला शोधायला गेले. मी घरात होते. मी समोर होते.”

अंधार पडेपर्यंत उद्यानाच्या पथकानं शोधलं. ढब्बूला दादांच्या उशीचा अभ्रा हुंगायला दिला. आधी थोरलीच्या नेहमीच्या लपायच्या जागा बघितल्या. एकीत दादांची टोपी मिळाली, आणि पुढं खडकाळीत ढब्बूचा माग चुकला. अंधारात दरीच्या बाजूला जाता येईना. परत आलो तेव्हा सकाळी पुन्हा सुरू करू म्हणाले. त्या थंडीत थोरलीनं घरी यायला नकार दिला. फाटकाशी स्वयंसेवकांची पत्र्याची खोली आहे, भिंतीवर नकाशा, खाली ओळीनं मातकट बूट, कोपऱ्यात किटली. तिथं बाकावर आम्ही दोघी बसून राहिलो. मी म्हटलं, “ताई, मिळतील हो.” माझाच आवाज मला खोटा वाटला.

सकाळी उजाडल्या उजाडल्या पथक निघालं. आम्ही मागं मागं. टेकाडाच्या पलीकडे कोरडा ओढा आहे. ढब्बू उतारावरून खाली गेला आणि दिसेनासा झाला. आम्ही कान देऊन उभे. सापडलं की तो भुंकतो. भुंकण्यासाठी मी जेवढे कान टवकारले तेवढे माझ्या पोरांच्या पहिल्या रडण्यासाठीही टवकारले नसतील. तो भुंकलाच नाही. थोड्या वेळानं पाय ओढत वर आला आणि त्या वनरक्षक बाईच्या पायाला अंग टेकून बसला. तिनं खाली बघितलं, मग थोरलीकडे बघितलं. थोरलीला कुत्र्याची भाषा माझ्यापेक्षा जास्त कळत होती. ती उतारावरून खाली निघाली.

दादा एका झाडाच्या बुंध्याला टेकून बसले होते. बसच्या थांब्यावर बसावं तसे. अंगात नुसता सदरा. आणि मांडीवर थोरलीचं ते जुनं तपकिरी स्वेटर, नीट घडी घातलेलं, दोन्ही हातांनी धरलेलं. दाराजवळच्या खुंटीवर असायचं ते. आम्ही आदल्या दिवशी हुडकताना कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं की खुंटी रिकामी आहे. त्या कडाक्याच्या थंडीत माणसानं ते स्वतःच्या अंगावर घेतलं नाही. बायकोसाठी आणलेलं ना.

माझा नवरा लहान पोरासारखा रडला. मीही. थोरली रडली नाही. तिनं दादांची बोटं एकेक करून सोडवली, स्वेटर काढून घेतलं, त्यांच्या केसांतली पानं काढली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

त्यांना स्ट्रेचरवरून वर आणलं, उद्यानाच्या गाडीत ठेवलं. सगळे निघायच्या तयारीत. ढब्बू गाडीच्या सावलीत पोट टेकून पडला होता. वनरक्षक बाईनं पुढं केलेलं पाणी त्यानं घेतलं नाही. तिनं खेळणं दाखवलं, थोरलीनं शिवलेलं तेच, तर त्यानं तोंड फिरवलं. उभा असायचा तो कानही पडला होता. आज ती बाई कोणत्या तोंडानं काही मागणार होती?

थोरली त्या कुत्र्याकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “धाकटे, त्यांना जरा थांबायला सांग. मी आले.”

“ताई, अहो कुठं? आता कुठं निघालात?”

तिनं स्वेटरची घडी मोडली. अंगात घातलं, बटणं लावली. वनरक्षक बाईच्या हातातलं खेळणं मागून घेतलं आणि वाटेवरून चालत झाडीत गेली. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. मी मागं धावणार, तर त्या तुसड्या बाईनं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “जाऊ द्या त्यांना,” ती म्हणाली. “त्या लपायला गेल्यात.”

आम्ही थांबलो. गाडीचा ड्रायव्हर, पथकातली माणसं, माझा नवरा, सगळे वाटेकडे बघत उभे. गाडीचं मागचं दार उघडंच होतं. मग वनरक्षक बाई खाली वाकली, ढब्बूच्या कानाशी काहीतरी बोलली आणि तिनं त्याला सोडलं. तो आधी उठेचना. उठला, चार पावलं गेला, मागं वळून बघितलं. नाक वर केलं. आणि त्याला तो वास आला. नेहमीचा, ओळखीचा. त्याचा कान उभा राहिला आणि तो जो सुटला तो झाडीत दिसेनासा झाला.

मग भुंकणं ऐकू आलं. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना.

आणि त्या भुंकण्याच्या वर थोरलीचा आवाज. टाळ्या पिटत होती ती. “सापडले रे सापडले! शाब्बास माझ्या राजा, शाब्बास!” मी धावत वळणापर्यंत गेले. ती खडकापुढं मातीत गुडघ्यांवर बसली होती, एका हातात खेळण्याचं टोक, दुसरं टोक ढब्बूच्या दातांत. तो शेपूट हलवत मागं ओढत होता, ती पुढं ओढत होती आणि ओरडत होती. मग तिचा आवाज फाटला. खेळणं तिच्या हातून सुटलं. दोन्ही हातांनी तिनं स्वेटर छातीशी आवळलं, उघड्या दाराच्या त्या गाडीकडे तोंड केलं आणि हाक मारली,

“अहो! सापडले हो मी! सापडले!”